लॉस अलामोसचा एचआयव्ही डेटाबेस: फुकट आहे, जुनाट दिसतो, पण रीकॉम्बिनेशन शिकायचं तर इथेच या

मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, लाइफ सायन्स करणाऱ्या पोरापोरींचा एक प्रश्न सारखा असतो की एचआयव्हीवर प्रोजेक्ट करायचाय, सिक्वेन्स, म्हणजे व्हायरसच्या जीनोममधल्या अक्षरांचा क्रम, कुठून घ्यायचे, कुठलं टूल वापरायचं, आणि सबटाइप सी, सीआरएफ, यूआरएफ हे सगळं नक्की आहे तरी काय. उत्तर एकच आहे, लॉस अलामोसचा एचआयव्ही सिक्वेन्स डेटाबेस. मी रोजच्या कामात तो वापरते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कारण यावर मराठीत कुणी नीट लिहिलेलं मला तरी दिसलेलं नाही.

आधी हे काय आहे ते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधे लॉस अलामोस नॅशनल लॅबोरेटरी आहे, हो तीच, जिथे पहिला अणुबॉम्ब तयार झाला. तिथेच १९८० च्या दशकाच्या दुसऱ्या अर्ध्यात जेराल्ड मायर्स नावाच्या माणसाने एचआयव्हीचे सिक्वेन्स एका जागी गोळा करायला सुरुवात केली. तेव्हा दरवर्षी चक्क छापील जाडजूड पुस्तक निघायचं आणि लॅबमधे पोस्टाने यायचं. नंतर बेट कॉर्बर आणि त्यांच्या टीमने हे काम पुढे नेलं, सगळं वेबवर आलं, पैसा एनआयएच या अमेरिकन सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेचा. लॉगिन नाही, सबस्क्रिप्शन नाही, कुठला देश कुठलं कॉलेज काही विचारत नाही. जळगावच्या कॉलेजमधला एमएस्सीचा पोरगा आणि हार्वर्डचा प्रोफेसर दोघांना एकच पान उघडतं. मला स्वतःला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आता एका व्हायरससाठी एवढा वेगळा डेटाबेस कशाला, सगळ्या जीवांचे सिक्वेन्स ठेवणारी जेनबँक आहे की, असं कुणी म्हणेल. तर एचआयव्ही हा प्रकारच वेगळा आहे. याचा अख्खा जीनोम साधारण ९,७०० अक्षरांचा, म्हणजे अगदीच छोटा. पण आरएनएचा डीएनए करणारं जे एन्झाइम आहे, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, ते लिहिलेलं परत तपासत नाही. एका फेरीत लाख अक्षरांमागे साधारण तीन चुका होतात असं १९९५ मधे मोजलं गेलं. ऐकायला कमी वाटतं, पण उपचार न घेतलेल्या माणसाच्या शरीरात दिवसाला हजार कोटींच्या आसपास नवे व्हायरस तयार होतात, तेव्हा हिशोब करा, जीनोमच्या जवळपास प्रत्येक जागी एक तरी बदल रोज कुठेतरी होऊन जातो.

आणि हे झालं नुसतं म्युटेशन. खरी मजा रीकॉम्बिनेशनमधे, म्हणजे दोन जीनोमची मिसळण होण्यात आहे. एचआयव्हीच्या प्रत्येक कणात आरएनएच्या दोन प्रती असतात. एखादा लेखनिक दोन पोथ्या समोर ठेवून एकच नक्कल उतरवतोय आणि लिहिता लिहिता मधेच या पोथीवरून त्या पोथीवर जातोय, परत येतोय, असं ते एन्झाइम करतं, आणि एका फेरीत एकदा नाही, अनेकदा. दोन्ही प्रती सारख्याच असतील तर काही कळत पण नाही. पण एका पेशीत दोन वेगवेगळे व्हायरस शिरले असतील तर तिथून बाहेर पडणाऱ्या काही कणांमधे एक प्रत याची आणि एक प्रत त्याची भरली जाते, आणि असा कण पुढच्या पेशीत गेला की तिथे जी नक्कल उतरते ती मिश्र निघते. म्हणजे मिसळण होते दुसऱ्या पेशीत, हे बऱ्याच नोट्समधे चुकीचं लिहिलेलं असतं, लक्षात ठेवा, परीक्षेत विचारतात. याचा एक परिणाम असा की दोन औषधांना दाद न देणारे दोन वेगवेगळे बदल दोन वेगवेगळ्या व्हायरसमधे असले तरी ते एकाच व्हायरसमधे एकत्र येऊ शकतात, प्रत्येक बदल नव्याने घडायची वाट बघायला लागत नाही.

यात एक बारीक गोष्ट मला फार आवडते. दोन आरएनए एकमेकांना चिकटतात त्या जागी सहा अक्षरांचा एक तुकडा असतो. सबटाइप बी मधे तो जीसीजीसीजीसी असा असतो आणि सबटाइप सी मधे जीयूजीसीएसी. दोन्ही तुकडे असे आहेत की आपल्यासारख्याच तुकड्याशी नीट जुळतात, दुसऱ्याशी तितके नीट नाही, त्यामुळे बी आणि सी एका कणात एकत्र भरले जाणं जरा अवघड होतं. तरी होतंच, आणि त्याचे पुरावे चीनपासून ब्राझीलपर्यंत पडलेत.

या सगळ्यामुळे झालंय काय की माणसात पसरलेल्या मुख्य ग्रुपचे, म्हणजे ग्रुप एमचे, ए बी सी डी एफ जी एच जे के आणि एल असे सबटाइप, म्हणजे उपप्रकार झाले. मधली ई आणि आय ही अक्षरं कुठे गेली असं प्रत्येक नवीन माणूस विचारतो. थायलंडमधे जो ई म्हणून ओळखला जायचा त्याचा अख्खा जीनोम वाचल्यावर दिसलं की बराचसा भाग सबटाइप ए चा आहे, एन्व्ह नावाचा जीन मात्र वेगळा, म्हणून त्याचं नाव आता सीआरएफ०१_एई, सीआरएफ म्हणजे अनेकांमधे पसरलेला मिश्र व्हायरस. आय हा सायप्रस आणि ग्रीसकडचा, तो तर तीनापेक्षा जास्त ठिकाणांहून आलेले तुकडे जोडून झालेला निघाला, तो आता सीआरएफ०४_सीपीएक्स. आणि एल अगदी अलीकडचा, २०१९ मधे मान्यता मिळाली, कारण नियमाप्रमाणे तीन वेगवेगळ्या लोकांमधे सापडायला हवा आणि काँगोमधले पहिले दोन नमुने १९८३ आणि १९९० चे होते, तिसरा २००१ चा, पण त्यात व्हायरस इतका कमी होता की पूर्ण वाचता येणारं तंत्र यायलाच इतकी वर्षं गेली.

सीआरएफलाही हाच नियम. एकमेकांशी थेट संबंध नसलेल्या किमान तीन लोकांमधे तोच मिश्र व्हायरस, त्याच जोडांसकट, म्हणजे तुकडे त्याच जागी सांधलेला, सापडला, तर त्याला नंबर मिळतो, नाहीतर तो यूआरएफ, म्हणजे एकट्यादुकट्यात सापडलेला. हे नंबर देण्याचं, यादी ठेवण्याचं काम पण लॉस अलामोसच करतं, आणि यादी आता शंभराच्या कधीच पुढे गेलीय. प्रत्येक सीआरएफचं रंगीत पट्ट्यांचं चित्र तिथे आहे, कुठून कुठपर्यंत कुठला सबटाइप ते. नुसती ती चित्रं बघत बसलात तरी अर्धा तास जातो, आणि पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त समजतं. जगातल्या एकूण इन्फेक्शनपैकी जवळपास निम्मी सबटाइप सी ची आणि साधारण २३ टक्के रीकॉम्बिनंटची, असा अंदाज २०१० ते २०१५ या काळासाठी आलाय, म्हणजे मिश्र व्हायरस हा काही अपवाद राहिलेला नाही. अजून मागे गेलात तर चिंपांझीतला जो व्हायरस माणसात आला तो स्वतःच दोन जातींच्या माकडांच्या व्हायरसची मिसळण आहे. म्हणजे मिसळण मुळापासूनच.

आता प्रत्यक्ष वापर कसा आहे ते सांगते.

सर्च इंटरफेस उघडला की देश, वर्ष, सबटाइप, जीनोमचा कुठला भाग, असे रकाने येतात. भारत निवडा, सबटाइप सी निवडा, पूर्ण जीनोम निवडा, आणि एका पेशंटचा एकच सिक्वेन्स हा पर्याय आहे त्याला टिक करायला विसरू नका, नाहीतर एकाच माणसाचे पन्नास क्लोन येऊन तुमचं झाड, म्हणजे सिक्वेन्सची नाती दाखवणारा वंशवृक्ष, भलतंच दिसतं. जे येईल त्यातल्या नावांकडे नीट बघा. सी.आयएन.९५.९५आयएन२१०६८ असं एक नाव तुम्हाला सारखं दिसेल. वाचायचं असं: सबटाइप सी, इंडिया, १९९५, आणि पुढे नमुन्याचं नाव. हा नमुना आपल्या पुण्याचा आहे. पुण्यात १९९२ मधे नारी, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, भोसरीला, आणि तिथल्या एसटीडी क्लिनिकमधे येणाऱ्या लोकांचा एक मोठा अभ्यास अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सबरोबर चालू होता. त्यात नव्याने इन्फेक्शन झालेल्या सहा जणांच्या व्हायरसचा जवळपास पूर्ण जीनोम वाचला गेला, कविता लोळे आणि सहकाऱ्यांचा तो पेपर १९९९ च्या सुरुवातीला जर्नल ऑफ व्हायरॉलॉजीत आला. २१०६८ हा त्यातलाच एक. आज जगात कुठेही, केनियात, स्वीडनमधे, ब्राझीलमधे, कुणी सबटाइप तपासायला रेफरन्स सेट उतरवला की सबटाइप सी च्या मोजक्या चार नमुन्यांमधे हा पुण्याचा नमुना असतोच असतो. आपल्याकडे हे किती जणांना माहितीये? मला तर वाटतं पुण्यातल्या प्रत्येक बायोटेक डिपार्टमेंटमधे हे पहिल्या लेक्चरला सांगायला हवं.

आणि त्या सहांपैकी पाच शुद्ध सी निघाले पण एक, ९५आयएन२१३०१, तो ए आणि सी ची मिसळण निघाला, जोड एक नाही तर अनेक ठिकाणी. हे सिद्ध करण्यासाठी स्टुअर्ट रे यांचा जो प्रोग्रॅम वापरला तो सिमप्लॉट, आणि पुढे जगभर रीकॉम्बिनेशन दाखवायचं म्हणजे सिमप्लॉट असं समीकरणच होऊन बसलं. हजारो पेपरमधे सिमप्लॉटसाठी जो पेपर सायटेशनला दिला जातो तो हाच पुण्याच्या नमुन्यांचा पेपर. तेव्हा रीकॉम्बिनेशन हा विषय आपल्यासाठी परदेशी अजिबात नाही.

सिमप्लॉट वेगळा उतरवायला लागतो. लॉस अलामोसवरच त्याच धाटणीचं एक टूल आहे, आरआयपी. तुमचा सिक्वेन्स चिकटवा, मागे तुलनेला सबटाइपचे कन्सेन्सस, म्हणजे प्रत्येकाचा एक प्रातिनिधिक सिक्वेन्स, आधीच ठेवलेले असतात, बटण दाबा, ग्राफ येतो. आडव्या रेषेवर जीनोममधली जागा, उभ्या रेषेवर साम्य, आणि प्रत्येक सबटाइपची एक रंगीत रेघ. जिथे लाल रेघ वर असते आणि मग एका ठिकाणी निळी तिला ओलांडून वर जाते, तिथे जोड असण्याची शक्यता. पहिल्यांदा ही ओलांडणी डोळ्यांनी बघितली की रीकॉम्बिनेशन हा शब्द डोक्यात कायमचा बसतो, कितीही थिअरी वाचा तसं होत नाही. टूल सेकंदात उत्तर देतं, आणि पेशंटकडचा नवा सिक्वेन्स आला की पहिली नजर टाकायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

पण इथे काळजी घ्या. एकतर विंडो. टूल अख्खा सिक्वेन्स एकदम बघत नाही, काहीशे अक्षरांची खिडकी सरकवत नेतं, आणि खिडकी लहान ठेवली तर रेघा थरथरतात, जिथे काही नाही तिथेही ओलांडणी दिसते, मोठी ठेवली तर छोटा तुकडा बुडून जातो. दोनतीन वेगवेगळ्या मापांवर चालवून बघा, जोड सगळीकडे टिकला तरच त्यावर पुढे काम करा. दुसरं म्हणजे हा ग्राफ हा इशारा आहे, पुरावा नाही. पुराव्यासाठी जोडाच्या अलीकडचा भाग वेगळा आणि पलीकडचा वेगळा कापून दोन झाडं काढायची, आणि तुमचा सिक्वेन्स एका झाडात सी च्या फांदीवर आणि दुसऱ्यात ए च्या फांदीवर, चांगल्या बूटस्ट्रॅपने, म्हणजे फांदी किती भरवशाची ते सांगणाऱ्या आकड्याने, बसला तर मग बोला. तिसरी गोष्ट लॅबमधली. पीसीआर करताना नमुन्यात दोन प्रकार असतील तर अर्धवट उतरलेला तुकडा पुढच्या फेरीत दुसऱ्याच प्रकारावर जाऊन चिकटतो आणि मिश्र तुकडा टेस्ट ट्यूबमधेच तयार होतो. तो व्हायरसने केलेला नाही, तुमच्या मशीनने केलाय. म्हणून नमुना इतका पातळ करायचा की एका ट्यूबमधे एकच जीनोम यावा, आणि तोच वाढवायचा, याला एसजीए म्हणतात, वेळखाऊ आहे, महाग आहे, पण रीकॉम्बिनंट सापडला असं म्हणायचं असेल तर रिव्ह्यूअर हे विचारणारच.

बाकी छोटी टूल्स. सीक्वेन्स लोकेटर हे माझं सगळ्यात आवडतं. कुठलाही तुकडा टाका, ते सांगतं की एचएक्सबी२ च्या हिशोबाने हा इथून इथपर्यंत, अमुक प्रोटीनमधे. एचएक्सबी२ म्हणजे फ्रान्समधल्या एका पेशंटच्या व्हायरसचा क्लोन, लांबी ९,७१९ अक्षरं, सगळं जग याच्यावरून जागा मोजतं. गंमत म्हणजे तो स्वतः काही आदर्श नाही, त्याच्या व्हीपीआर जीनमधे एक अक्षर जास्त आहे आणि नेफ मधेच तुटतं, पण मोजायला सगळ्यांची पट्टी एकच असली की झालं.

याचा उपयोग कसा होतो ते एका जागेवर दाखवते. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजची सुरुवात २५५० ला, म्हणजे त्यातला १०६ वा कोडॉन, म्हणजे तीन अक्षरांचा गट, २८६५ ते २८६७. एचएक्सबी२ आणि बहुतेक सबटाइप बी मधे इथे जीटीए असतं, सबटाइप सी मधे जीटीजी. दोन्हीचा अर्थ एकच, व्हॅलीन, प्रोटीन सारखंच. पण इफाव्हिरेन्झ या औषधाचा दबाव आला की सी मधे पहिल्या जी चा ए झाला की एटीजी, म्हणजे मिथिओनीन, एका पावलात काम झालं, आणि व्हायरस औषधाला दाद देईनासा. बी ला तिथे पोचायला दोन अक्षरं बदलायला लागतात. म्हणून व्ही१०६एम हा बदल सी मधे दिसायला लागला आणि बी वर केलेल्या जुन्या अभ्यासांमधे त्याचा पत्ताच नव्हता. प्रोटीनमधे न दिसणारा फरक, आणि पेशंटच्या उपचारावर थेट परिणाम. विविधता विविधता म्हणतात ती ही. आणि आपल्याकडे नव्वद टक्क्यांहून जास्त पेशंट सी चे आहेत, तेव्हा हे आपल्यालाच माहिती असायला पाहिजे.

हायपरम्यूट नावाचं टूल आहे, ते सांगतं की तुमच्या सिक्वेन्समधे जी चे ए गरजेपेक्षा जास्त झालेत का. आपल्या पेशीत एपोबेक नावाची एन्झाइम्स असतात, ती व्हायरसचा डीएनए तयार होत असताना त्यात असे बदल करून त्याची वाट लावतात, टीजीजी चा टीएजी झाला की तिथेच प्रोटीन तुटतं. असे मेलेले सिक्वेन्स झाडात घेतले तर फांद्या उगाच लांब होतात, म्हणून आधी गाळायचे. जीन कटर जीन कापून देतं, अलाइन करून देतं. आणि रीकॉम्बिनंट ड्रॉइंग टूल, जोडांच्या जागा आणि सबटाइप लिहून दिलं की पट्ट्यांचं चित्र तयार, थेट थिसिसमधे टाकता येतं, पॉवरपॉइंटमधे चौकोन रंगवत बसायची गरज नाही.

कमी काय वाटतं तेही सांगते. पानं दिसायला वीस वर्षांपूर्वीची वाटतात आणि मोबाइलवर काम करायचा विचारच करू नका, लॅपटॉप पाहिजे. मदतीची पानं खूप सविस्तर आहेत पण लिहिलीत ती आधीच थोडं माहिती असणाऱ्यांसाठी, पहिल्या वर्षाच्या मुलाला एकट्याला सोडलं तर तो गांगरेल, कुणीतरी शेजारी बसून एकदा दाखवायला हवं. सिक्वेन्सला लागलेलं सबटाइपचं लेबल बऱ्याचदा ज्याने सिक्वेन्स दिला त्याने जे लिहिलं तेच असतं, त्यामुळे डोळे झाकून घेऊ नका, स्वतः तपासा. कॉमेट, रेगा, जेपीएचएमएम अशी सबटाइप ओळखणारी दुसरी टूल्स पण आहेत, एकच सिक्वेन्स तिन्हीत टाकला तर शुद्ध सबटाइपला सहसा एकमत होतं पण मिश्र आला की उत्तरं फाटतात, आणि फाटली म्हणजेच तिथे काहीतरी बघण्यासारखं आहे असं समजायचं.

मोठी उणीव मात्र डेटाबेसची नाही, आपली आहे. जगात निम्मा सी, पण डेटाबेस उघडून बघा, बी चे सिक्वेन्स किती आणि सी चे किती. श्रीमंत देशांमधे बी आहे, तिथे सिक्वेन्सिंग होतं. आपल्याकडे जे होतं ते बहुतेक औषध प्रतिकाराच्या टेस्टसाठी पोल या जीनचा तुकडा, हजार दीड हजार अक्षरं, बास. एका खासगी लॅबचा असा रिपोर्ट मी बघितला, खाली ठळक अक्षरात सबटाइप सी. बरोबर आहे, पण फक्त त्या तुकड्यापुरतं. गॅग बघितलं नाही, एन्व्ह बघितलं नाही, तिथे बी असेल तर कळणार कसं? ज्या टेस्टमधे फक्त पोल वाचतात तिथे पोलच्या बाहेरचे जोड सापडत नाहीत, आणि मग भारतात रीकॉम्बिनंट फारसे नाहीत असं आपण म्हणत राहतो. शोधलेच नाहीत तर दिसणार कुठून. रिपोर्टवर निदान पोल भागानुसार एवढे दोन शब्द तरी लिहावेत ही माझी सगळ्या लॅबना विनंती.

ईशान्येकडे बघा. मणिपूर म्यानमारला लागून आहे, तिथे सुई वापरून ड्रग्ज घेणाऱ्यांमधे इन्फेक्शन पसरलं, आणि एका बाजूने भारतातला सी, दुसऱ्या बाजूने थायलंडकडचा बी आणि एई, असे व्हायरस एकाच भागात आले. तिथे बी आणि सी चे मिश्र व्हायरस सापडलेत. चीनमधे तर सीआरएफ०७_बीसी आणि ०८_बीसी हे दोन व्हायरस प्रचंड पसरले, त्यातला सी चा भाग भारतातल्या सी च्या वंशातला आहे, हेरॉइनच्या वाटेने चीनच्या युनान प्रांतात गेलेला. आरआयपीमधे सीआरएफ०७ टाकून बघा, सी ची रेघ बऱ्याच भागात वर, मधे मधे बी. नकाशावरचा रस्ता जीनोममधे उमटलेला दिसतो.

लसीचं घोडं पण इथेच अडलंय. कॉर्बर यांच्याच टीमने याच डेटाबेसमधल्या सिक्वेन्सवरून कॉम्प्युटरने मोझेक प्रोटीन डिझाइन केली होती, म्हणजे जगभरच्या प्रकारांमधले जास्तीत जास्त तुकडे झाकले जातील अशी. त्यावर आधारलेल्या लसीच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, आफ्रिकेतली इम्बोकोडो २०२१ मधे पुरेसं संरक्षण मिळत नाही म्हणून थांबली, मोझाइको २०२३ च्या जानेवारीत. वाईट वाटलं, खरंच. पण या व्हायरसच्या विविधतेला सरळ भिडायचा तो प्रामाणिक प्रयत्न होता, आणि त्यातून जमलेला डेटा पुढच्यांना मिळालाच आहे.

आता जे पेशंट किंवा त्यांच्या घरचे हे वाचत असतील त्यांच्यासाठी. ही सर्व्हिस तुमच्यासाठी नाही, स्वतःचा रिपोर्ट घेऊन इथे उत्तर शोधू नका. औषध प्रतिकाराचा अर्थ लावायला स्टॅनफर्डचा एचआयव्हीडीबी आहे, तोही फुकट, पण तोसुद्धा डॉक्टरांबरोबर बसून बघायचा. रिपोर्टवर रीकॉम्बिनंट असं लिहून आलं तर घाबरायचं काही कारण नाही, एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरवर मिळणारी टीएलडीची गोळी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिर, सबटाइप बघून दिली जात नाही आणि मिश्र व्हायरसवरही ती चालते. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, दबलेला राहिला की व्हायरसच्या नव्या फेऱ्याच जवळपास थांबतात, मग ना म्युटेशन ना मिसळण, आणि जोडीदारालाही शरीरसंबंधातून लागण होत नाही. दोघंही पॉझिटिव्ह आहोत मग काय फरक पडतो, असं काही जोडपी म्हणतात, तर फरक पडतो, दुसऱ्या प्रकाराची लागण वरून होऊ शकते हे २००२ पासून नोंदलं गेलंय, विशेषतः गोळ्या चालू नसतील तेव्हा. गोळी चुकवू नका एवढंच.

अजून एक, हे फार महत्त्वाचं वाटतं म्हणून लिहितेच. दोन माणसांचे सिक्वेन्स झाडात शेजारी आले म्हणजे याने त्याला दिला असं सिद्ध होत नाही. मधे तिसरा माणूस असू शकतो ज्याचा नमुनाच घेतलेला नाही, दोघांना एकाच ठिकाणाहून आलेला असू शकतो. प्रोजेक्टमधे अशी वाक्यं लिहू नका, आणि पेशंटचा कोड, तारीख, गावाचं नाव असं सगळं एकत्र कुठे टाकू नका, आपल्याकडे छोट्या गावात तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो आणि मग त्याचं काय होतं ते सांगायला नको.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो नवख्या माणसाला हात धरून नेणारं काही नाही म्हणून. व्हायरॉलॉजी, बायोइन्फॉर्मॅटिक्स शिकणाऱ्यांनी बिनधास्त वापरा, शिकवणाऱ्यांनी प्रॅक्टिकलमधे घ्या, एका संगणकावर चार मुलं बसली तरी चालतं. सुरुवातीला ९५आयएन२१३०१ सर्चमधे शोधा, एफएएसटीए, म्हणजे सिक्वेन्सची साधी टेक्स्ट फाइल, उतरवा, आरआयपीमधे टाका, खिडकीचं माप बदलून परत चालवा, आणि ए ची रेघ कुठे कुठे वर येते ते वहीत एचएक्सबी२ च्या आकड्यांसकट लिहून काढा. मग तेच आकडे ड्रॉइंग टूलमधे घालून चित्र काढा आणि १९९९ च्या पेपरमधल्या चित्राशी लावून बघा. कुठे अडलं तर खाली विचारा, कुठल्या पायरीला काय एरर आली ते नीट लिहून विचारा म्हणजे सांगता येईल.